पहिली संगणकभाषा : निवड, साधने आणि अभ्यास

दहावी-बारावीचे निकाल लागले की गिरगाव, दादर, परळ व लालबाग या भागांतील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाने अथवा मुलीने पुढे काय शिकावे? संगणकाचे शिक्षण घ्यावे यावर बहुधा सर्वांचे एकमत असते. परंतु संगणकाचे म्हणजे नेमके कशाचे, या प्रश्नापाशी चर्चा अडते. कोणी पायथन सुचवितो, कोणी जावा, तर कोणी सी. नोकरीस लागलेला शेजारचा तरुण आणखी निराळेच नाव सांगतो. दादर हे शिकवणी वर्गांचे जुने केंद्र आहे. तेथील फलकांवर अनेक भाषांची नावे ओळीने लिहिलेली दिसतात आणि पालकांचा गोंधळ अधिकच वाढतो. अखेर ज्या वर्गाची जाहिरात मोठी, त्या वर्गात साठविलेले पैसे भरले जातात. काही महिन्यांनी अभ्यास अर्धवट सुटतो आणि 'हे आपल्याला जमण्यासारखे नाही' अशी समजूत मात्र कायमची घर करते. पैशांच्या नुकसानीपेक्षा ही समजूत अधिक हानिकारक होय.

वस्तुतः पहिल्या भाषेकडून नोकरीची अपेक्षा करणे योग्य नाही. तिच्याकडून एकच गोष्ट मिळवावयाची असते : एखादे काम लहान लहान पायऱ्यांत मांडून ते यंत्राकडून बिनचूक करवून घेण्याची रीत. ही रीत एका भाषेत पक्की झाली की दुसरी भाषा शिकण्यास फारसा काळ लागत नाही. म्हणून पहिली भाषा निवडताना 'बाजारात कशाला मागणी आहे' याबरोबरच, किंबहुना त्याआधी, 'हा विद्यार्थी आपल्या परिस्थितीत कोणती भाषा शेवटपर्यंत शिकू शकेल' याचा विचार होणे अगत्याचे आहे.

साच्यापासून संगणकापर्यंत

या विचाराला मध्य मुंबईच्या इतिहासाचा आधार आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे कापड गिरणीची स्थापना केली आणि पुढे लालबाग-परळचा सारा परिसर गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. गिरणीतील मागास कामगार 'साचा' म्हणत आणि तो चालविणाऱ्यास 'साचेवाला'. कापडावर नक्षी विणावयाची असेल तर कोणते उभे धागे केव्हा उचलावयाचे, हे यंत्राला आधी सांगून ठेवावे लागते. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही सूचना भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीने देण्याची युक्ती प्रचारात आणली. पुठ्ठे बदलले की साचा तोच, पण नक्षी वेगळी. इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कल्पना उचलली आणि पुढे विसाव्या शतकात संगणकाला आज्ञा देण्यासाठी छिद्रित कार्डांचा सर्रास वापर झाला. यंत्र आणि यंत्राला द्यावयाची सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संगणकशास्त्रातील मूलतत्त्व विणकामाच्या यंत्राने फार पूर्वी दाखवून दिले होते.

याच मुंबईत पुढे संगणकही आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीचा संगणक तयार झाला आणि १९६० साली तो कार्यान्वित झाला. १९६२ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यावर काम करणाऱ्यांना यंत्राच्या स्वतःच्या सांकेतिक आज्ञांतच विचार करावा लागे. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी बनावटीचा मोठा संगणक आला आणि संशोधक 'फोरट्रान' या भाषेत आज्ञावली लिहू लागले. शास्त्रीय गणितासाठी ही भाषा १९५७ साली उपलब्ध झाली होती. कार्यालयीन हिशेबांसाठी 'कोबॉल' आली. १९८४ साली रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी शिफारशी केल्या आणि त्यानंतर फोर्ट विभागातील बँकांत नोकरी करू इच्छिणाऱ्यांचे लक्ष या विषयाकडे वळले. १९८४-८५ साली केंद्र शासनाच्या 'क्लास' या प्रकल्पातून निवडक शाळांत 'बीबीसी मायक्रो' संगणक पोहोचले आणि विद्यार्थ्यांनी 'बेसिक' ही भाषा गिरविली. नव्वदीच्या दशकात सी व सी प्लस प्लस यांना महत्त्व आले आणि त्यानंतर जावा व पायथन पुढे सरसावल्या.

म्हणजे दर पिढीची पहिली भाषा निराळी होती. टिफ्रॅकच्या सांकेतिक आज्ञा आज कोणी लिहीत नाही. तथापि त्या लिहिणाऱ्यांचे ज्ञान वाया गेले नाही, कारण कामाची फोड करण्याची रीत त्यांच्यापाशी राहिली. एका साच्यावर हात बसलेल्या विणकऱ्याला दुसऱ्या बनावटीचा साचा समजून घेण्यास काही दिवस लागत. पण ताणा आणि बाणा यांचे नाते त्याला नव्याने शिकावे लागत नसे. भाषेचेही तसेच आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर या भागातील अनेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. ज्या घरांचे सारे कौशल्य एकाच खात्यात आणि एकाच यंत्रावर घडले होते, त्यांना त्याची झळ सर्वांत अधिक बसली. त्या घरांतील आजच्या पिढीने एका भाषेच्या नावाला बांधून घेण्याऐवजी तिच्यामागील रीत आत्मसात करावी, हे म्हणूनच अधिक महत्त्वाचे ठरते.

चिवड्याच्या दुकानातील आज्ञावली

ही रीत म्हणजे काय, हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. लालबागची चिवडा गल्ली प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या दुकानासाठी बिल करणारी आज्ञावली लिहावयाची आहे, असे समजू. चिवड्याचा दर किलोला ३२० रुपये धरला, तर ७५० ग्रॅमचे २४० रुपये होतात. दर आणि वजन या दोन किमती संगणकाने लक्षात ठेवावयाच्या आणि त्यांचा गुणाकार करावयाचा. बदलू शकणाऱ्या किमतीला दिलेले असे नाव म्हणजे 'चल'.

आता दुकानदार सांगतो, "पाच किलोच्या वर घेतले तर शेकडा दहा सूट." सहा किलोचे १,९२० रुपये होतात, त्यातून १९२ रुपये वजा जाता १,७२८ रुपये उरतात. येथे संगणकाला एक 'अट' सांगावी लागते : वजन पाच किलोहून अधिक असेल तर सूट द्यावी, नसेल तर देऊ नये. परंतु गिऱ्हाइकाने बरोबर पाच किलो घेतले तर काय करावयाचे? सूट न दिल्यास १,६०० रुपये आणि दिल्यास १,४४० रुपये. एका शब्दाच्या संदिग्धतेने १६० रुपयांचा फरक पडतो. माणूस माणसाशी बोलताना असा प्रश्न वेळेवर सोडवितो; संगणक तसे करीत नाही. 'पाचच्या वर' की 'पाच किंवा अधिक', हे आज्ञावली लिहिणाऱ्यानेच दुकानदाराला विचारून ठरविले पाहिजे.

त्यानंतर एकामागून एक येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी हेच काम पुन्हा पुन्हा करावयाचे, याला 'आवर्तन' म्हणतात. दिवसभराच्या बिलांची नोंद ओळीने ठेवावयाची, ती 'यादी'. आणि बिल काढण्याची सारी कृती एका नावाखाली बांधून हवी तेव्हा वापरावयाची, हे 'कार्य' अथवा इंग्रजीत 'फंक्शन'. चल, अट, आवर्तन, यादी आणि कार्य ही पाच अंगे विद्यार्थ्यास पुढे लागणाऱ्या बहुतेक सर्व भाषांत सापडतात. केवळ त्यांची लेखनपद्धती बदलते. पाच किलोचा प्रश्न तर कोणत्याही भाषेत तसाच शिल्लक राहतो. तो ओळखता येणे हेच खरे शिक्षण होय.

इंग्रजीची अडचण किती?

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांना सर्वांत अधिक धास्ती वाटते ती इंग्रजीची. या बाबतीत वस्तुस्थिती पाहणे हिताचे ठरेल. सी भाषेच्या १९८९ सालच्या प्रमाणित रूपात राखीव शब्द होते ३२. पायथनमध्ये ते ३५ च्या आसपास आहेत. 'इफ', 'एल्स', 'व्हाइल', 'रिटर्न' यांसारखे हे शब्द आहेत. त्यांच्या जोडीला 'प्रिंट' व 'इनपुट' यांसारखी नेहमी लागणारी काही नावे येतात. आठवड्याभरात ती सहज पाठ होतात. येथे निबंध लिहावयाचा नसतो आणि व्याकरणाचे नियमही बोलीच्या इंग्रजीचे नसतात.

पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २००८ सालापासून, चलांना देवनागरी नावे देता येतात. 'दर', 'वजन', 'सूट' ही नावे मराठीत लिहिली तरी आज्ञावली चालते. गिऱ्हाइकाचे वजन कळफलकावर देवनागरी अंकांत टंकलिखित केले तरी ते संख्येत रूपांतरित करता येते. मात्र खुद्द आज्ञावलीतील संख्या रोमन वळणाच्या अंकांतच लिहाव्या लागतात. आरंभीचे काही आठवडे मराठी नावे वापरल्याने लक्ष विचारावर केंद्रित होते. पुढे इतरांबरोबर काम करताना इंग्रजी नावे वापरण्याचा प्रघात आहे. तेव्हा हळूहळू तिकडे वळावे.

खरी अडचण येते ती चुकांच्या संदेशांची. संगणक आपली हरकत इंग्रजीत नोंदवितो. यासाठी एक वही ठेवून प्रत्येक नवा संदेश, त्याचा मराठी अर्थ आणि चूक कशी दुरुस्त झाली, याची नोंद करावी. तेच ते संदेश वारंवार येतात, त्यामुळे अशा वहीची पाने फार लवकर उपयोगी पडू लागतात.

निवडीपूर्वी चार प्रश्न

भाषा ठरविण्यापूर्वी विद्यार्थ्याने व पालकांनी पुढील चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

१. हाताशी कोणते यंत्र आहे? घरी संगणक आहे, की केवळ मोबाइल? महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आठवड्यातून किती तास बसता येते?

२. शिकण्याचा हेतू कोणता? परीक्षेतील विषय, अभियांत्रिकी शिक्षणाची तयारी, कार्यालयीन कामातील सोय, की निव्वळ कुतूहल?

३. अडले तर विचारण्यास कोण आहे? शिक्षक, मोठे भावंड किंवा बरोबर शिकणारा एखादा मित्र ज्या भाषेत मदत करू शकेल, त्या भाषेचे पारडे जड समजावे.

४. रोज किती वेळ मिळेल? दिवसा नोकरी व रात्री शिक्षण घेणाऱ्यास रोज पाऊण तास मिळत असेल, तर त्याने तेवढ्यात बसणारीच भाषा व साधने निवडावीत.

या उत्तरांनंतर बहुतेक वेळा निवड आपोआप सोपी होते.

कोणत्या विद्यार्थ्यास कोणती भाषा?

आठ ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी 'स्क्रॅच' योग्य होय. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली ती सर्वांसाठी खुली केली. रंगीत ठोकळे एकात एक अडकवून आज्ञावली तयार होते. टंकलेखनाच्या चुका होत नाहीत आणि अट व आवर्तन यांची ओळख खेळता खेळता घडते.

दहावीपुढील विद्यार्थ्यांसाठी, तसेच वाणिज्य व कला शाखांतील विद्यार्थ्यांसाठी, पायथन ही सर्वसाधारणपणे सोयीची निवड ठरते. नेदरलँड्समधील गिडो व्हॅन रोसम यांनी १९९१ साली ती प्रसृत केली. तिची वाक्यरचना आटोपशीर आहे. कंसांच्या महिरपीऐवजी ओळ आत सरकवून लिहिण्याच्या पद्धतीने आज्ञांचे गट ओळखले जातात, त्यामुळे नीटनेटके लिहिण्याची सवय आपोआप लागते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रातही आता हीच भाषा आहे.

अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राच्या पदवीकडे वळणाऱ्यांना सी भाषा टाळता येत नाही. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ती घडविली. संगणकाची स्मृती कशी वापरली जाते हे तिच्यातून चांगले समजते; परंतु नवशिक्याला आरंभी बारीकसारीक तपशील अधिक सांभाळावे लागतात. महाविद्यालयात हीच पहिली भाषा असेल तर तिलाच चिकटून राहावे. त्याच वेळी बाहेर दुसरी भाषा सुरू केल्यास दोहोंची सरमिसळ होते.

ज्यांना संकेतस्थळे तयार करण्याची आवड आहे त्यांच्यासाठी १९९५ साली आलेली जावास्क्रिप्ट उपयुक्त आहे. ती प्रत्येक ब्राउझरमध्ये आधीच असल्याने निराळे काही बसवावे लागत नाही. तिच्यासोबत शिकविली जाणारी एचटीएमएल ही पानाची मांडणी सांगणारी भाषा आहे. तिच्यात अट वा आवर्तन नसते, हे ध्यानी ठेवावे. जावा ही मोठ्या व्यावसायिक प्रणालींसाठी आजही वापरली जाते. मात्र पहिल्याच दिवशी तिच्यातील बरीच रचना अर्थ न कळताच लिहावी लागते, म्हणून ती दुसरी भाषा म्हणून घेणे इष्ट.

येथे आणखी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम संगणक साक्षरतेसाठी आहे, तर टॅली हे हिशेबाचे तयार सॉफ्टवेअर आहे. दोन्ही उपयुक्त आहेत. परंतु त्यांत आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण अपेक्षित नसते. 'संगणकाचा कोर्स' या एकाच नावाखाली या गोष्टी एकत्र केल्याने अनेकांची निराशा होते.

अभ्यासाची साधने

भाषेइतकेच महत्त्व ती शिकण्यासाठी वापरावयाच्या सॉफ्टवेअरला आहे. सुदैवाने आज पहिल्या भाषेसाठी लागणारी चांगली साधने विनामूल्य मिळतात. अनधिकृत प्रती मिळविण्याची किंवा परवान्यासाठी पैसे देण्याची आवश्यकता नाही.

पायथनसाठी 'थॉनी' हे सॉफ्टवेअर आरंभीच्या अभ्यासास उत्तम आहे. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात ते नवशिक्यांसाठीच तयार झाले. ते बसविले की पायथनही सोबत येते. आज्ञावली एक एक पायरी चालवून प्रत्येक पायरीला चलांची किंमत कशी बदलते, हे ते पडद्यावर दाखविते. चिवड्याच्या बिलात सूट नेमकी कोठे चुकली, हे अशा वेळी डोळ्यांनी पाहता येते. पायथनबरोबर मिळणारे 'आयडल' हेही पुरेसे आहे. व्यावसायिक वापराचे 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' शक्तिशाली असले तरी त्यातील असंख्य सोयी पहिल्या महिन्यात लक्ष विचलित करतात.

सी भाषेच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. बोरलँड कंपनीचे १९८७ सालचे 'टर्बो सी' आणि त्यानंतरचे 'टर्बो सी प्लस प्लस' आपल्याकडील प्रयोगशाळांत दीर्घकाळ वापरात राहिले. सी प्लस प्लस भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरले. टर्बोची ही साधने त्यापूर्वीची आहेत. त्यांवर शिकलेल्या काही सवयी व आज्ञा आजच्या साधनांवर चालत नाहीत आणि विद्यार्थ्यास आपण शिकलेले सारेच चुकीचे होते असे वाटू लागते. म्हणून 'जीसीसी' हा मुक्त कंपायलर व त्याच्यासोबत 'कोड ब्लॉक्स' किंवा 'जिनी' यांसारखे सोपे संपादक वापरावेत. जुन्या, कमी क्षमतेच्या संगणकावर लिनक्सची हलकी आवृत्ती बसविल्यास ही सर्व साधने सुरळीत चालतात.

केवळ मोबाइल असलेल्यांनीही खचून जाण्याचे कारण नाही. इंटरनेट असल्यास 'गूगल कोलॅब' ब्राउझरमध्ये चालते. नसल्यास अँड्रॉइड मोबाइलवर 'पायड्रॉइड'सारख्या ॲपमध्ये पायथन चालविता येते. लहान पडद्यावर चिन्हे टंकलिखित करणे त्रासाचे असते, हे खरे. त्यावर दोन उपाय आहेत : जोडवायरने साधा कळफलक मोबाइलला जोडणे, आणि आज्ञावली प्रथम वहीत पूर्ण लिहून मगच यंत्रावर घेणे. दुसऱ्या उपायाने विचारही अधिक नेटका होतो.

मार्गदर्शनासाठी आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उपयुक्त आहे. सी, सी प्लस प्लस, पायथन, जावा, लिनक्स आदी विषयांवरील सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ त्यात विनामूल्य मिळतात आणि अनेक पाठांचे कथन मराठीतही आहे. पाठ पाहता पाहता शेजारी तीच कृती करून पाहावी, अशी त्यांची रचना आहे. वरळीची 'अभ्यास गल्ली' प्रसिद्धच आहे. बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत वाढलेल्या मुलांना अभ्यासाची जागा शोधावी लागते, हे तेथे दिसते. अशा मुलांनी घराबाहेर वहीत आज्ञावली लिहावी आणि घरी अथवा महाविद्यालयात ती चालवून पाहावी. दोघांनी मिळून एका यंत्रावर काम केले तरी शिकण्यात उणेपणा येत नाही. उलट एकाची चूक दुसऱ्याच्या चटकन लक्षात येते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विचारताक्षणी तयार आज्ञावली लिहून देतात. नवशिक्याने त्यांचा उपयोग एखादा संदेश किंवा संकल्पना समजून घेण्यापुरता करावा. उत्तर तयार घेतले की पाच किलोचा प्रश्न मनात उद्भवतच नाही. आणि चुकीचे बिल बरोबर दिसू लागते.

शुल्क भरण्यापूर्वी

वर्गात बसून शिकण्याचे फायदे आहेतच : शिस्त लागते आणि शंका विचारता येतात. मात्र शुल्क भरण्यापूर्वी काही गोष्टींची खात्री करून घ्यावी. एकूण तासांपैकी प्रत्यक्ष यंत्रावर बसण्याचे तास किती? एका यंत्रावर किती विद्यार्थी? कोणते सॉफ्टवेअर व त्याची कोणती आवृत्ती वापरली जाते? एक-दोन तास विनाशुल्क बसून पाहता येईल काय? शुल्क हप्त्यांनी घेतले जाते काय, आणि मध्येच सोडल्यास परताव्याचा नियम कोणता? पावती व अटी लेखी घ्याव्यात. थोड्या महिन्यांत पाच-सहा भाषा शिकविण्याचे किंवा नोकरीच्या हमीचे आश्वासन दिले जात असेल, तर अधिक चौकशी करावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील 'कोपा', म्हणजेच संगणकचालक व आज्ञावली साहाय्यक हा एक वर्षाचा अभ्यासक्रमही विचारात घेण्याजोगा आहे. दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी तो असून, जवळच्या संस्थेत तो चालतो किंवा नाही याची प्रवेशाच्या वेळी विचारपूस करावी.

तीन महिन्यांची आखणी

रोज एक तास याप्रमाणे तीन महिने दिले तर पहिल्या भाषेचा पाया तयार होऊ शकतो. त्याची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिले दोन आठवडे : सॉफ्टवेअर बसविणे, मजकूर दाखविणे, चल व साधी आकडेमोड. कळफलकावरून आलेला '३' हा आधी मजकूर असतो. तो संख्येत बदलल्याविना तीन आणि चार यांची बेरीज सात न होता पायथनमध्ये '३४' होते, हे प्रत्यक्ष करून पाहावे.

तिसरा व चौथा आठवडा : अट. चिवड्याचे बिल, सूट आणि बरोबर पाच किलोची कसोटी.

पाचवा ते सातवा आठवडा : आवर्तन व यादी. दादरच्या फूलबाजारातील आठवड्याचे भाव लिहून घेऊन त्यांतील सर्वांत कमी, सर्वांत अधिक व सरासरी भाव काढावा.

आठवा व नववा आठवडा : कार्य. आधी लिहिलेल्या आज्ञावल्यांची लहान लहान कार्यांत फेरमांडणी करावी.

दहावा ते बारावा आठवडा : एक पूर्ण काम. आपल्या चाळीच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीची नोंद हा त्यासाठी उत्तम विषय आहे. खोली क्रमांक, नाव व रक्कम यांची नोंद करावी. ती फायलीत साठवावी. एकूण रक्कम आणि वर्गणी यावयाच्या खोल्यांची यादी काढावी. एकाच खोलीची नोंद दोनदा झाली तर काय, कोणी अर्धी रक्कम दिली तर काय, असे प्रश्न येथे आपोआप उभे राहतात. शेवटी ही यादी मंडळाच्या खजिनदारांच्या वहीशी ताडून पाहावी. आकडे जुळले नाहीत तर चूक शोधावी. ती शोधण्यातच या तीन महिन्यांतील सर्वांत मोलाचा पाठ मिळतो.

हे काम पूर्ण होईपर्यंत भाषा बदलू नये. मध्यंतरी कोणी दुसऱ्या भाषेची थोरवी सांगितली तरी तिचे नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे आणि हाती घेतलेला अभ्यास पुढे न्यावा. वर्गणीची आज्ञावली बिनचूक चालू लागल्यानंतर तेच काम दुसऱ्या एखाद्या भाषेत लिहून पाहावे. पहिल्या वेळेस तीन महिने लागलेल्या गोष्टीस दुसऱ्या वेळेस पुष्कळ कमी दिवस पुरतात, याचा अनुभव विद्यार्थ्यास येईल. पुढील शिक्षणाची अथवा नोकरीची भाषा कोणती असावी, हा निर्णय त्यानंतर घेतला तरी उशीर होत नाही.